ब्रेकमधली हवा

सायकल आणि हवा यांचा संबंध लहानपणापासून प्रत्येकाच्या परिचयाचा असतो. चाकात हवा आहे की नाही हे अंगठ्याने दाबून पाहावे, नसल्यास कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन भरून घ्यावी, एवढे ज्ञान असले म्हणजे सामान्य सायकलस्वाराचे काम भागते. त्यामुळे सायकलीच्या बाबतीत हवा ही भरावयाची वस्तू होय, काढून टाकावयाची नव्हे, अशीच सर्वांची समजूत असते. परंतु डोंगरी वाटांसाठी बनविलेल्या आजच्या सायकलीवर एक जागा अशीही आहे की, जेथे हवेचा लहानसा बुडबुडाही शिरता कामा नये. ती जागा म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारा चकतीचा ब्रेक. कारागीर मंडळी त्याला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक म्हणतात. या ब्रेकमध्ये शिरलेली हवा घरच्या घरी कशी काढावयाची, आणि ती काढण्याची एवढी आवश्यकता तरी का, हे समजून घेणे अशी सायकल बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचे आहे.

लोणावळ्याहून खोपोलीकडे जुन्या रस्त्याने उतरणाऱ्या सायकलस्वाराचेच उदाहरण घ्या. बोरघाटाच्या या उतारावर त्याला पाचशे मीटरांहून अधिक खाली यावयाचे असते. स्वार आणि सायकल मिळून ९० किलोग्रॅम वजन धरले, तर ५०० मीटर उतरताना मोकळी होणारी ऊर्जा सुमारे ४४० किलोज्यूल भरते. एवढ्या ऊर्जेने सव्वा लिटरहून अधिक पाणी उकळीस आणता येईल. यांतील काही भाग समोरचा वारा खातो. उरलेला सारा भाग उष्णतेच्या रूपाने दोन पातळ पोलादी चकत्यांना सोसावा लागतो. या चकत्या आकाराने बशीहून फारशा मोठ्या नसतात आणि त्यांची जाडी जेमतेम दोन मिलिमीटर असते. अशा उतारावर, ऐन वळणावर, स्वाराने ब्रेकची लिव्हर ओढावी आणि ती काहीही विरोध न करता थेट हँडलला जाऊन टेकावी, हा प्रसंग किती बिकट आहे हे सांगावयास नको. पुष्कळदा असा प्रसंग ओढवतो तो नळीत लपून बसलेल्या थोड्याशा हवेमुळे.

डोंगरी सायकलीच्या जन्मकथेतच ब्रेकची ही चिंता आढळते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मॅरिन परगण्यात फेअरफॅक्स गावाजवळ एक कच्चा, दगडगोट्यांचा डोंगरी रस्ता आहे. सुमारे दोन मैलांच्या अंतरात तो सुमारे तेराशे फूट खाली उतरतो. ऑक्टोबर १९७६ मध्ये तेथील काही हौशी तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन या उतारावर शर्यत लावली. त्या सायकलींना मागे पेडल मारून लागणारा, चाकाच्या हबमध्ये बसविलेला ब्रेक असे. एका उतरणीतच हे हब इतके तापत की, आतील ग्रीस जळून धूर निघे, आणि पुढच्या खेपेपूर्वी हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. ग्रीस पुन्हा भरण्याच्या या कामास इंग्रजीत ‘रीपॅक’ म्हणतात. म्हणून त्या रस्त्याचेच नाव रीपॅक पडले. पुढे या खेळाचा प्रसार होत गेला आणि १९९६ साली अॅटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत त्यास प्रथम स्थान मिळाले. वीस वर्षांत खेळ वाढला, सायकल बदलली, परंतु उतारावरची उष्णता आणि तिला तोंड देणारा ब्रेक हा मूळ प्रश्न कायमच राहिला. तारेने ओढल्या जाणाऱ्या आणि रिमवर घासणाऱ्या ब्रेकच्या जागी चकतीचा आणि द्रवाचा ब्रेक आला, तो याच प्रश्नाचे उत्तर म्हणून.

या ब्रेकच्या मुळाशी असलेले तत्त्व मात्र फार जुने आहे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला असता तो दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम ब्लेझ पास्कल या फ्रेंच विद्वानाने सांगितला. त्याचा या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये याच नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. आणि १९२१ मध्ये अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना द्रवाच्या दाबाचे ब्रेक बसविलेले होते. सायकलीवर हे सारे लहान प्रमाणात मांडलेले असते, इतकेच. हँडलवरच्या लिव्हरमागे एक बारीक नळकांडे असून त्यात एक दट्ट्या सरकतो. तेथून एक बारीक नळी चाकाच्या आसाजवळील कॅलिपरपर्यंत जाते. कॅलिपरमध्ये चकतीच्या दोन्ही बाजूंस एकेक दट्ट्या आणि त्याच्यापुढे एकेक पॅड असतो. लिव्हर ओढली की वरचा दट्ट्या द्रव ढकलतो, तो द्रव खालच्या दोन दट्ट्यांना पुढे लोटतो आणि दोन्ही पॅड चकतीस चिमटीत धरतात.

आकडे घेऊन पाहिले म्हणजे यातील चमत्कार अधिक स्पष्ट होतो. समजा, बोटाने पाच किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला आणि लिव्हरच्या तरफेमुळे तो पाचपट होऊन वरच्या दट्ट्यावर पंचवीस किलोग्रॅमचा भार पडला. त्या दट्ट्याचा व्यास दहा मिलिमीटर असेल तर द्रवावरील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० किलोग्रॅम, म्हणजे बाहेरील हवेच्या दाबाच्या तीसपट होतो. खालच्या दट्ट्याचा व्यास वीस मिलिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ वरच्याच्या चौपट असल्याने चकतीच्या प्रत्येक बाजूवर सुमारे शंभर किलोग्रॅमचा भार येतो. एका बोटाच्या ओढीने एवढे काम होते, ते द्रव जवळजवळ आकसत नाही म्हणून. तीसपट दाबाखालीही तेल हजारात एक-दोन भागच आकसते. बोटाची हालचाल वाटेत कोठेही न हरवता चकतीपर्यंत पोहोचते.

आता या साखळीत हवा शिरली तर काय घडते, ते पाहावे. हवेचा स्वभाव द्रवाच्या अगदी उलट आहे. दाब दुप्पट केला की हवेचे आकारमान निम्मे होते, हा रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम. दाब तीसपट झाला म्हणजे बुडबुडा मूळच्या तिसाव्या हिश्श्याइतका उरतो. वरकरणी ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु वर धरलेल्या मापाच्या दट्ट्याने एक सेंटिमीटर सरकून जेवढे तेल ढकलले जाते, ते एक घन सेंटिमीटरही भरत नाही; चहाच्या चमच्याचा तो जेमतेम सहावा हिस्सा होय. नळीत अर्धा घन सेंटिमीटर हवा असेल, तर लिव्हरच्या ओढीतील निम्म्याहून अधिक भाग केवळ ती हवा आकसविण्यातच खर्ची पडतो. चकतीपर्यंत पोहोचतो तो उरलासुरला. लिव्हर ओढताना स्पंज दाबल्यासारखी मऊ लागते ती यामुळेच. आणि उतारावर कॅलिपर तापला म्हणजे ही हवा प्रसरण पावते. सकाळी अंगणात ठीक वाटलेली लिव्हर दुपारी घाटात निराळी वागू लागते.

बंदिस्त नळीत हवा येते तरी कोठून, असा प्रश्न साहजिकच पडेल. नवी नळी बसविताना अथवा नळीची लांबी कमी करताना ती शिरते. एखादा जोड सैल झाला, एखादी रबरी कडी जीर्ण झाली, तर तेल बाहेर झिरपते आणि त्याची जागा हवा घेते. याखेरीज एक साधे कारण आहे. लिव्हरजवळ तेलाची एक लहानशी टाकी असते. पॅड झिजत जातात तसतसे खालचे दट्टे थोडेथोडे पुढे येऊन राहतात आणि त्यांच्यामागची वाढलेली जागा भरण्यास या टाकीतील तेल खाली उतरते. टाकीत थोडी हवा असली तरी ती वरच्या बाजूस तरंगत राहते व ब्रेकच्या कामात लुडबूड करीत नाही. परंतु पंक्चर काढण्याकरिता सायकल उलटी उभी केली की टाकी खाली आणि नळी वर अशी स्थिती होते, आणि तीच हवा नळीच्या तोंडाशी जाते. अशा वेळी लिव्हर ओढली तर ती आत शिरलीच म्हणून समजावे. सायकल सुलटी करून, काही वेळ तशीच ठेवून, लिव्हर हळूहळू वीसपंचवीस वेळा ओढली असता पुष्कळदा ही हवा पुन्हा टाकीत परतते. परंतु टाकीत हवा आहे ही सूचना मात्र मिळालेली असते. तिची उपेक्षा करू नये.

हवा काढावयास बसण्यापूर्वी खरा दोष हवेचाच आहे ना, याची खात्री करून घेणे शहाणपणाचे ठरते. लिव्हर मऊ लागते, आणि लागोपाठ तीनचार वेळा ओढली की तात्पुरती घट्ट होते, हे हवेचे नेहमीचे लक्षण. याउलट, लिव्हर दगडासारखी घट्ट आहे परंतु सायकल थांबत नाही, किंवा ब्रेक लावताच मोठा कर्कश आवाज होतो, असे असेल तर दोष बहुधा पॅडवर अथवा चकतीवर तेलाचा अंश लागल्याचा असतो. हवा काढून तो जाणार नाही. पॅड झिजून अगदी पातळ झाले असतील तर प्रथम तेच बदलावेत. आणि लिव्हर ओढून धरली असता ती हळूहळू आत जात राहिली, अथवा एखाद्या जोडापाशी ओल दिसली, तर तेथे गळती आहे. गळती थांबविल्याशिवाय हवा काढणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

यानंतर प्रश्न येतो तेलाचा, आणि येथे झालेली चूक सर्वांत महागात पडते. सायकलीच्या ब्रेकमध्ये दोन निरनिराळ्या जातींचे द्रव वापरले जातात. एक खनिज तेल. शिमानो या जपानी आणि मागुरा या जर्मन कंपनीच्या ब्रेकमध्ये ते असते. दुसरा ग्लायकॉल वर्गातील द्रव; मोटारी आणि मोटारसायकलींत वापरला जाणारा, डॉट ४ किंवा डॉट ५.१ अशा नावाने मिळणारा. होप या इंग्रजी कंपनीचे आणि स्रॅम या अमेरिकन कंपनीचे बरेचसे ब्रेक या दुसऱ्या द्रवावर चालतात. मात्र स्रॅमच्या अलीकडील काही ब्रेकमध्ये खनिज तेलही असते. तेव्हा कंपनीच्या नावावरून तर्क न करता लिव्हरवर अथवा टाकीच्या झाकणावर काय छापले आहे, तेच प्रमाण मानावे. या दोन्ही द्रवांसाठी ब्रेकमधील रबरी कड्या वेगवेगळ्या जातीच्या रबराच्या असतात. एकाच्या जागी दुसरा घातला तर कड्या फुगतात, मऊ पडतात, दट्टे अडकतात, आणि सबंध ब्रेक टाकून देण्याची पाळी येते. घरात मोटारसायकलीच्या ब्रेक ऑइलची बाटली उरली आहे म्हणून ती खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये ओतण्याचा मोह कोणासही होऊ नये.

दोन्ही द्रवांचे गुणदोषही भिन्न आहेत. डॉट वर्गातील द्रव हवेतील दमटपणा शोषून घेतो. डॉट ४ या प्रतीचा ताजा द्रव किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये, अशी अट आहे. पाणी शोषलेल्या द्रवाबाबत हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. द्रव उकळला की वाफ होते, आणि वाफ हवेप्रमाणेच आकसते. म्हणून अशा ब्रेकमधील द्रव ठराविक काळाने बदलणे भाग असते. कोकणासारख्या दमट प्रदेशात तर याचा विसर पडूच नये. उघडून ठेवलेली जुनी बाटलीही वापरू नये. हा द्रव रंगावर पडला तर रंग उडवितो आणि कातडीसही अपाय करतो. खनिज तेल पाणी शोषीत नाही. परंतु त्यात कोठून पाण्याचा थेंब शिरलाच, तर तो तेलाहून जड असल्याने तळाशी, म्हणजे सर्वांत अधिक तापणाऱ्या कॅलिपरमध्ये, जाऊन बसतो आणि १०० अंशांच्या सुमारास त्याची वाफ होऊ लागते. तेव्हा खनिज तेलाचा ब्रेक कायमचा निर्धास्त, असेही मानू नये. तेलाचा रंग काळपट अथवा गढूळ झाला की ते बदलावयाचे दिवस आले.

पुढील वर्णन शिमानो पद्धतीच्या, खनिज तेलावर चालणाऱ्या ब्रेकचे आहे. इतर बनावटींत तत्त्व तेच, परंतु क्रम आणि अवजारे वेगळी असतात. म्हणून ज्या त्या ब्रेकची पुस्तिका समोर असावी. साहित्य फारसे लागत नाही. त्याच कंपनीचे तेल, लिव्हरच्या भोकात बसणारे लहान नरसाळे व त्याचे बूच, बारीक पारदर्शक नळी जोडलेली सिरिंज, कॅलिपरच्या निपलाला बसणारा पाना, पॅडच्या जागी बसविण्याचा प्लॅस्टिकचा ठोकळा, एक प्लॅस्टिकची पिशवी, रबरी हातमोजे, डोळ्यांसाठी चष्मा आणि भरपूर स्वच्छ फडकी. जागा उजेडाची असावी. लहान मुले आणि घाई ही दोन्ही त्या वेळी दूर असलेली बरी.

प्रथम चाक काढून ते चकतीसह दुसऱ्या खोलीत ठेवावे. मग कॅलिपरमधील पॅड काढून कागदात गुंडाळून तेही दूर ठेवावेत. ही तसदी अनावश्यक वाटते, परंतु तेलाचा एक थेंब पॅडमध्ये मुरला की तो पॅड बहुधा निकामीच होतो. घासून अथवा धुऊन त्याची पूर्वीची पकड परत येईल, असा भरवसा धरता येत नाही. यानंतर दट्ट्यांच्या कडा फडक्याने स्वच्छ पुसून, ते सपाट आणि बोथट वस्तूने हळूच पूर्ण मागे ढकलावेत व मध्ये प्लॅस्टिकचा ठोकळा बसवावा. ठोकळा नसताना लिव्हर ओढली तर दट्टे बाहेर निसटतात, हे ध्यानात ठेवावे. वर हँडलवरील लिव्हरचा पेच सैल करून लिव्हर अशी फिरवावी की ती जमिनीला समांतर राहील. टाकीवरचा बारीक पेच काढावा, त्याखालची इवलीशी रबरी कडी जपून ठेवावी, आणि त्या भोकात नरसाळे बसवून त्यात थोडे तेल ओतावे.

आता खालून वर तेल चढवावयाचे. सिरिंज तेलाने भरून तिच्या नळीतील हवा आधी बाहेर काढून टाकावी. कॅलिपरच्या निपलावर पाना ठेवून त्यावर नळी घट्ट बसवावी. निपल एक-अष्टमांश फेरा उघडून सिरिंज सावकाश दाबावी. हवा स्वभावतः वर जाऊ पाहते. तिला जावयाचे असते त्याच दिशेने तेल ढकलले की ती विनासायास निघते. जुने, काळपट तेल आणि त्यासोबत बुडबुडे वरच्या नरसाळ्यात येऊ लागतात. बुडबुडे येणे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे, मग निपल बंद करून सिरिंज काढावी. नरसाळ्यात आलेले तेल पुन्हा वापरू नये. ते काढून ताजे तेल भरावे.

यापुढचा टप्पा खालच्या कोपऱ्यांत अडकून राहिलेल्या हवेसाठी असतो. निपलाला नळी आणि तिच्या टोकाला पिशवी बांधून निपल पुन्हा किंचित उघडला की नरसाळ्यातील तेल आपल्याच वजनाने खाली वाहू लागते. पारदर्शक नळीतून जाणारे बुडबुडे येथे स्पष्ट दिसतात. वर नरसाळे मात्र क्षणभरही रिकामे होऊ देऊ नये; तेल संपले की वरून हवा आत ओढली जाते आणि तोवरची सारी मेहनत वाया जाते. बुडबुडे थांबल्यावर निपल बंद करावा. मग लिव्हर ओढून धरावी आणि निपल अर्धा सेकंदच उघडून लगेच बंद करावा. दाबाखालील तेल जोराने बाहेर पडते आणि कोपऱ्यातील उरलेले बुडबुडे सोबत नेते. हे दोनतीन वेळा करावे. या ठिकाणी एक नियम पाळावाच लागतो: निपल आधी बंद, मग लिव्हर सैल. हा क्रम चुकला तर सुटणारी लिव्हर नळीतून हवा परत आत खेचून घेते. एकट्याचे दोन हात यासाठी अपुरे वाटतात. घरातील कोणी लिव्हर धरावयास बसले तर काम सुकर होते.

शेवटी निपल पक्का आवळून लिव्हर सावकाश ओढावी आणि सोडावी. नरसाळ्याच्या तळाशी बारीक बारीक बुडबुडे वर येताना दिसतील. नळीवर आणि कॅलिपरवर पान्याच्या मुठीने हलकेच टकटक करावे, म्हणजे भिंतीला चिकटून राहिलेले बुडबुडे सुटतात. लिव्हर सुमारे तीस अंश एका बाजूस, मग दुसऱ्या बाजूस कलवून हेच पुन्हा करावे. टाकीच्या आतील कोपरे सरळ नसतात आणि हवा नेमकी तेथे दडी मारून बसते. हळूहळू लिव्हर घट्ट होत गेल्याचे बोटास जाणवू लागते. अनेकजण येथेच समाधान मानून उठतात. परंतु थोडा वेळ थांबून पुन्हा पाहिले तर आणखी एकदोन बुडबुडे बहुधा निघतातच. या कामात कौशल्याहून धिमेपणाची गरज अधिक आहे.

बुडबुडे संपले की लिव्हर पुन्हा समांतर करून नरसाळ्याला बूच लावावे, ते काढावे, आणि टाकीच्या भोकाशी तेल काठोकाठ असताना रबरी कडीसह पेच बसवावा. पेच बसताना थोडे तेल बाहेर सांडले पाहिजे. आत हवा उरली नाही याची ती खूण होय. हा पेच अगदी हलक्या हाताने आवळावयाचा असतो. त्याचे माप अर्ध्या न्यूटन-मीटरहून अधिक नाही, आणि जोर केल्यास आटे जातात. मग सर्वत्र पडलेले तेल पुसून कॅलिपर आणि लिव्हर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करावीत. ठोकळा काढून, हातमोजे बदलून, पॅड आणि चाक जागेवर बसवावे व लिव्हर काही वेळा ओढून पॅड चकतीजवळ आणावेत. निघालेले जुने तेल मोरीत अथवा गटारात ओतू नये. ते बाटलीत साठवून, वापरलेले इंजिन तेल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्यावे.

काम संपले असे मात्र अजून म्हणता येत नाही. लिव्हर पूर्ण जोराने ओढून एक मिनिटभर धरून ठेवावी आणि प्रत्येक जोड, निपल व पेच कोरड्या कागदाने पुसून पाहावा. लिव्हर आत सरकता कामा नये आणि कागदावर डाग उमटता कामा नये. मग सायकल हाताने ढकलीत नेऊन ब्रेक लावून पाहावा, त्यानंतर सपाट आणि मोकळ्या जागी सावकाश चालवून पाहावा. पॅड नवे असतील तर मध्यम वेगावरून वेग कमी करण्याची क्रिया वीसएक वेळा करावी. त्याशिवाय त्यांची पूर्ण पकड बसत नाही. उताराची पाळी या सर्वांनंतर. ब्रेक वापरून थांबल्यानंतर चकतीला बोट लावण्याचा मोहही टाळावा. ती भाजण्याइतकी तापलेली असू शकते.

आणि इतके सारे करूनही लिव्हर मऊच राहिली, किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा मऊ झाली तर? तर दोष कोठेतरी खोल आहे, एखादी कडी फाटली आहे अथवा नळकांड्यात चर पडला आहे, असे समजून सायकल जाणत्या कारागिराच्या स्वाधीन करावी. घरी काम करण्याचा अभिमान चांगला. परंतु ब्रेकच्या बाबतीत ‘चालून जाईल’ हा शब्द उच्चारू नये. घाटात तो शब्द पाळण्याची जबाबदारी नळीतील तेलावर पडते, आणि तेल कोणाची भीड धरीत नाही.

द्रवाच्या ब्रेकचा सारा व्यवहार डोळ्यांआड चालतो. तारेचा ब्रेक सैल झाला तर तार दिसते, झिजलेले रबर दिसते. येथे काळ्या नळीच्या आत काय आहे ते दिसत नाही, केवळ बोटाला जाणवते. म्हणून सायकल काढण्यापूर्वी, ज्या सवयीने टायरवर अंगठा दाबून पाहिला जातो, त्याच सवयीने दोन्ही लिव्हर एकेकदा ओढून पाहाव्यात. एका ठिकाणी हवा आहे याची खात्री करावयाची, दुसऱ्या ठिकाणी ती नाही याची. एवढे पाहिले की घाटाच्या माथ्यावरून निघण्यास हरकत नाही.